आप्पांच्या गाडीतलं डिझेल

जुनी गाडी दुरुस्तीला घेऊ नये, आणि घेतलीच तर तिचा मालक गॅरेजवर येऊन बसणार नाही एवढं आधी वदवून घ्यावं, असं माझे उस्ताद सांगायचे. मी दोन्ही चुका केल्या. बसलिंगप्पांची पिकअप घेतली आणि तिच्यासोबत बसलिंगप्पाही घेतले.

बसलिंगप्पा म्हणजे मुखेडातले जुने पेंडीचे व्यापारी. चौकातल्या महादेवासमोर त्यांचं दुकान. कपाळावर विभूतीचे पट्टे, तोंडात शिवाचं नाव, आणि नाव घेऊन झालं की लगेच शिवी. गाव त्यांना आप्पा म्हणतं. दुकान आता मुलगा सोमेश बघतो, त्यामुळे आप्पांना दिवसभर दुसऱ्याच्या कामात लक्ष घालायला भरपूर वेळ असतो. माझ्या नशिबानं त्यांनी आपली खुर्ची माझ्या गॅरेजात टाकली.

पिकअप त्यांच्या गोदामामागं लिंबाखाली कैक वर्षं उभी होती. सोमेशनं नवी गाडी घेतली तेव्हापासून हिच्याकडे कुणी बघितलं नव्हतं. टपावर लिंबोळ्यांचा थर, हौद्यात कोंबड्यांचा संसार. सोमेशचं म्हणणं होतं, भंगारात द्या. आप्पांनी मठात शब्द दिला होता की शिवरात्रीच्या आत गाडी मठाला देतो, गावोगावचं धान्य आणायला.

"बंद गाडी देवाला देऊ का, दया? मेलेली गाय दान करून राहिलो का मी?" असं त्यांनी मला ठणकावलं.

मी गाडी ओढून आणली. आधी टाकी उतरवली. आतलं उरलेलं डिझेल काकवीसारखं चिकट झालं होतं आणि तळाला गंजाचा चिखल. टाकी धुतली, रबरी नळ्या सगळ्या तडकल्या होत्या त्या बदलल्या, फिल्टर नवा घातला, फीड पंप खोलून त्याचं किट टाकलं. मग एअर काढायची. म्हणजे नळीत अडकलेली हवा. बोल्ट सैल करायचा आणि फेस यायचा थांबेपर्यंत हातपंप दाबत बसायचं. हे काम करताना माणसाचं डोकं आधीच फिरलेलं असतं, त्यात आप्पा खुर्चीतून सांगणार, "जोरानं दाब की रे, जेवला न्हाईस का?"

शेवटी इंजिन धडधडलं. धुराचा एवढा लोट निघाला की समोरचा टेलर शिव्या देत बाहेर आला. आप्पांनी बोनेटवर नारळ फोडला आणि खोबरं स्वतःच्या हातानं मला दिलं. "बघ कशी बोलून राहिली," ते म्हणाले. त्या क्षणी मला म्हाताऱ्याबद्दल खरंच माया वाटली.

उरली होती वायरिंग. मागचे दिवे लागत नव्हते. ते काय, जुन्या गाडीचं रडगाणं असतंच. पण मी चेसीसच्या कडेनं मागं जाणारा वायरींचा जुडगा बघितला आणि माझा पारा चढला. कुण्या हुशार मिस्त्रीनं क्लिपा तुटल्या म्हणून वायरी आणि डिझेलचा रिटर्नचा पाइप एकत्र करून वरून टेप गुंडाळली होती. जाडजूड. मधेमधे तारेनं आवळलंही होतं. रिटर्नचा पाइप म्हणजे इंजिनाला लागून उरलेलं डिझेल परत टाकीत नेणारी नळी. विजेची वायर आणि डिझेल एका पांघरुणात झोपवायचे, हे फक्त आपल्याकडंच होतं. गाडी जळाली नाही ही महादेवाचीच कृपा म्हणायची.

टेप सोडायला लागलो तर ती हातात काळी होऊन येत होती. आतल्या वायरींचं प्लास्टिक फुगून मऊ पडलं होतं, नखानं निघत होतं. उन्हानं वायर कडक होते, तडकते. मऊ पडत नाही. मऊ पडते ती डिझेल पिऊन. मी टेप सोडत पुढं पुढं गेलो. आवळलेल्या तारेनं घासून घासून लोखंडी पाइपाला एका जागी बारीक तडा पाडला होता. बोटानं लागायचा नाही, नखाला लागायचा.

इंजिन चालू करून बघितलं. कोरडं. एक थेंब नाही.

"आप्पा," मी म्हणालो, "दुकानातून पेंडीची पोती पाठवा. हौदा भरायचाय."

"काऊन?"

"पाठवा तर."

सोमेश स्वतःच नव्या गाडीत पोती घालून आला. हमालांनी ती पिकअपमध्ये चढवली. हौदा भरला, गाडी मागं बसली, चेसीसवर ताण आला. मी इंजिन चालू केलं आणि पाय दाबून धरला. आप्पांना खाली वाकून बघायला लावलं.

तडा उघडला होता. त्यातून डिझेल पाझरत होतं आणि उरलेल्या टेपच्या आतून, वायरींच्या अंगानं, मागं मागं जाऊन चाकाच्याही पलीकडं टपटप गळत होतं. मी इंजिन बंद केलं. गळती थांबली. थोड्या वेळात तर तिथं काही होतं असंही कुणी म्हटलं नसतं.

"भरलेली गाडी रस्त्यानं चालली की गळायची," मी म्हणालो. "सगळं रस्त्यावर सांडायचं. घरी येऊन उभी राहिली की कोरडी. गाडीखाली कुणाला कधी ओलं दिसलंच नसणार."

आप्पा वाकलेलेच राहिले. त्यांचा हात चेसीसवर होता. मला वाटलं पाठीत उसण भरली. मग माझ्या लक्षात आलं.

साहेबराव.

मुखेडात ज्याला त्याला ठाऊक असलेली ती गोष्ट आहे. साहेबराव हा आप्पांचा ड्रायव्हर. भीमनगरातला. ही पिकअप नवी आली त्या दिवसापासून तिच्यावर तोच. आप्पांच्या घरातलं लग्न असो की कुणाला नांदेडच्या दवाखान्यात न्यायचं असो, साहेबरावशिवाय आप्पांचं पान हलत नसे. मग एका वर्षी हिशेबात डिझेल कमी भरायला लागलं. गाडी पूर्वीपेक्षा जास्त डिझेल खायला लागली. आप्पांनी हिशेब घातला, चिडले, टाकीच्या झाकणाला कुलूप लावलं, तरी तेच. लोकांनी कानात फुंकर घातली, ड्रायव्हर लोक काय, रस्त्यात कॅन भरून विकतात. आणि आप्पा म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला.

आठवडी बाजाराच्या दिवशी, भर चौकात, महादेवाच्या ओट्यावर आप्पांनी ताट ठेवलं. ताटात बेलाचं पान आणि मूठभर भंडारा. आमच्याकडं चोरी, जमिनीचा बांध, भावाभावातला संशय, सगळ्याचा निवाडा असा होतो. खरा असशील तर बेलभंडारा उचल. खोट्यानं उचलला तर घराचं वाटोळं होतं, त्यामुळं खोटा माणूस उचलत नाही, असा समज. मी तेव्हा उस्तादांकडं काम शिकत होतो आणि गर्दीत उभा होतो.

साहेबरावनं ताटाकडं बघितलं. ओट्यावर पाऊल ठेवलं नाही. हात जोडून म्हणाला, "आप्पा, माझ्या बापानं दीक्षा घेतली तवा शपथ घेतली व्हती, ह्या देवांना मानणार न्हाई म्हून. मी हे उचललं तर बाप खोटा पडतो. मी तुमच्या डिझेलला हात लावला न्हाई. मी सांगून राहिलो, तेवढं पुरत न्हाई का?"

"न्हाई पुरत," आप्पा म्हणाले. "उचल."

त्यानं नाही उचललं. खिशातून गाडीची चावी काढली, ताटात बेलाच्या पानाशेजारी ठेवली आणि गर्दीतून वाट काढत निघून गेला. भंडाऱ्याला भ्याला, म्हणजे चोरच, असा निकाल तिथल्या तिथं लागला. त्याला पुढं मुखेडात कुणी स्टेअरिंगला हात लावू दिला नाही. डिझेल साहेबराव हे नाव मात्र चिकटलं. शेवटी बायकोच्या माहेरी लोह्याला गेला आणि तिथं मोंढ्यात हमाली करायला लागला, एवढं ऐकून होतो.

आप्पा हळूहळू सरळ झाले. "पाइप आत्ता फुटला असंल," ते म्हणाले. "इतकी वर्षं उभी व्हती गाडी."

मला खरं तर गप्प बसायला हवं होतं. म्हाताऱ्याचा चेहरा बघवत नव्हता. पण माझ्या जिभेलाही हाड नाही. मी सोमेशकडं वळलो. "साहेबराव गेल्यावर गाडी कोण चालवायचं?"

"मीच," सोमेश म्हणाला.

"तुमच्या हातात किती अ‍ॅव्हरेज द्यायची?"

सोमेश पोत्याच्या दोऱ्याशी चाळा करत राहिला. "तेवढंच. साहेबरावच्या टायमाला पडायचं तेवढंच."

"मंग?" आप्पांचा आवाज एकदम चढला. "मला सांगितलं न्हाईस?"

"तुमी इचारलं कुठं? मी म्हटलं, गाडी जुनी झाली."

तेच डिझेल, तीच गाडी, तोच रस्ता. ड्रायव्हरच्या हातात कमी पडलं तेव्हा चोरी, आणि पोराच्या हातात कमी पडलं तेव्हा गाडी जुनी. हे मी मोठ्यानं म्हणालो नाही. म्हणायची गरजच नव्हती. आप्पा खुर्चीकडं गेले, बसले नाहीत, तसेच चालत घरी गेले. चप्पल माझ्या गॅरेजात राहिली.

मी नवा पाइप टाकला. वायरिंग मागपर्यंत सगळी नवी ओढली, पाइपापासून लांब, वेगळ्या क्लिपांत. एवढं मन लावून मी कुठल्याच गाडीचं काम केलं नसेल. जणू ते नीट झालं की बाकीचंही नीट होणार होतं.

दोन-तीन दिवस आप्पा आले नाहीत. आले ते सकाळी, धुतलेलं धोतर नेसून. सोमेश सोबत नव्हता. "चालव," म्हणाले आणि पिकअपमध्ये जाऊन बसले.

"कुठं?"

"लोह्याला."

मी आरशात मागं रस्त्याकडं बघत होतो, सवयीनं, काही गळतंय का. कंधार गेल्यावर आप्पा म्हणाले, "दया, तो वाड्यात जेवायला बसायचा तवा आमच्या हिनं त्याचं ताट कधी येगळं ठेवलं न्हाई." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "मला वाटायचं, आपण लई मोठं मन केलं."

लोह्यात विहाराच्या मागं घर सापडलं. निळ्या दाराचं, दोन खोल्यांचं. दारात साहेबरावची बायको सरजाबाई ज्वारी पाखडत बसली होती. तिनं आधी गाडी ओळखली, मग माणूस. सूप खाली ठेवलं, पण उठली नाही.

आप्पा उंबऱ्याबाहेर थांबले. हात जोडून, अडखळत म्हणाले, "जय भीम, सरजाबाई." मी त्यांच्या तोंडून हे पहिल्यांदाच ऐकलं.

"काय काढलं आता?" ती म्हणाली. "अजून काय ऱ्हायलं व्हय?"

साहेबराव आतून बाहेर आला. मी त्याला ओळखलं नसतं. पोती वाहून मान पुढं आली होती, एक खांदा खाली झुकला होता. पण त्याची नजर आप्पांवर नव्हती, गाडीवर होती. तो सरळ गाडीकडं गेला. बोनेटवर हात ठेवला. इंजिन अजून चालूच होतं, कान देऊन ऐकलं.

"आयडल जरा कमी कर," मला म्हणाला. "दुसरा गेर अजून अडकतो का?"

"अडकतो," मी म्हणालो.

"क्लच दोनदा मारायचा. मंग पडतो." तो हसला. मला रडूच आलं, खोटं कशाला सांगू.

आप्पांनी सगळं सांगितलं. पाइप, टेप, तडा, सोमेशचं अ‍ॅव्हरेज. काही लपवलं नाही. सांगताना ते उभेच होते, त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं. साहेबराव खाली बघत ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "चढाला वास यायचा मला डिझेलचा. मी एकदा बोललो व्हतो तुमाला."

"बोलला व्हतास," आप्पा म्हणाले. "मी म्हटलं, स्वतःचं झाकायला बोलून राहिला."

तेव्हा सरजाबाई उठली. "आप्पा, एक इचारते. माणूस खरंच चोर असता तर काय केलं असतं त्यानं? तुमच्या देवाला तर तो मानतच न्हाई. मंग पटकिनी भंडारा उचलला असता, मोकळा झाला असता, उद्या पुन्हा गाडीवर. चोराला काय अवघड व्हतं? खरा व्हता म्हून उचलला न्हाई. एवढं त्या चौकात एकाला बी कळलं न्हाई?"

नव्हतं कळलं. एवढी माणसं होती, आप्पा होते, माझे उस्ताद होते, मी होतो, एकालाही नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोरच नव्हता.

आप्पांनी खिशात हात घालून गाडीची दुसरी चावी काढली. "ही गाडी तुझी. तू चालव."

साहेबरावनं मान हलवली. "लायसन कवाच सरलं. आता डोळ्यांना बी दिसत न्हाई, एकात मोतीबिंदू हाय. मठाला बोलला असाल तर मठाला द्या. शब्द मोडू नका." चावी त्यानं घेतली नाही. पण गाडीकडं पुन्हा एकदा बघितलं, आणि ते बघणं मला अजून विसरता येत नाही.

मग आप्पांनी बंडीच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. गाठ सुटेना, दातानं सोडवली. आत बेलाचं पान आणि भंडारा. तो त्यांनी उजव्या मुठीत भरला. "साहेबराव, तू माझं डिझेल घेतलं न्हाईस. मी चुकलो. बाजाराच्या दिवशी त्याच वट्ट्यावर हुबा ऱ्हाऊन सगळ्या गावाला सांगतो. हा बेलभंडारा उचलून तुला सांगून राहिलो, मी जर..."

साहेबरावनं पुढं होऊन त्यांचं मनगट धरलं.

"आप्पा, हे कशाला? तुमी सांगितलं ना. तेवढं पुरतं."

आप्पा बघतच राहिले. साहेबरावच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, टोमण्याला उत्तर देता येतं. त्यानं मनगट सोडलं आणि सरजाबाईला म्हणाला, "च्या ठेव." तिनं ठेवला. आम्ही प्यालो. आप्पांनी कप डाव्या हातानं धरला.

परतीच्या वाटेवर माझ्या लक्षात आलं, उजवी मूठ अजून मिटलेलीच होती. भंडारा खाली सांडू नये, पायाखाली येऊ नये. आणि उचलायचा तर ज्याच्यासाठी उचलायचा त्यानं उचलू दिला नव्हता. मी म्हणालो, "आप्पा, रुमालात बांधा परत." त्यांनी ऐकलं नाही. पंजाला घाम आला होता, बोटांच्या फटींतून पिवळं पाणी मनगटावर उतरलं होतं. मुखेडला चौकात उतरताना त्यांनी त्याच हातानं दार धरलं.

बाजाराच्या दिवशी ते ओट्यावर उभे राहिले. ताट नव्हतं. सांगितलं जसंच्या तसं, सोमेशचं अ‍ॅव्हरेजही सांगितलं. काहींनी ऐकलं. काही म्हणाले, आप्पा आता थकले, शेवटी मन मऊ होतं माणसाचं. भाजीवाल्यांचा आरडाओरडा चालू होता. ज्या गर्दीनं निकाल दिला होता त्यातली निम्मी माणसं तर आता राहिलीही नाहीत. वरातीमागून घोडं, दुसरं काय.

गाडी शिवरात्रीच्या आधी मठात पोचवली. देताना मी ती स्वच्छ धुतली, हौदा, काचा, चाकं. डावीकडच्या दारावर आप्पांच्या बोटांचे पिवळे डाग होते. तेवढं दार मी धुतलं नाही.